जुना गाभा

१

सारजाचा दिवस केरसुणीनं सुरू व्हायचा. कळंबच्या शिवारात, कालव्याच्या फाट्याकडेला तिची वस्ती होती. दोन खोल्या, पुढं ओसरी, डाव्या हाताला गोठा, आणि मागं चढत गेलेला माळ. तांबडं फुटलं की ती ओसरीपासून झाडत निघायची ती थेट माळाच्या पायथ्यापर्यंत. तोवर तिचा नवरा सिद्धू सायकलच्या हँडलला डबा अडकवून कारखान्याच्या पहिल्या पाळीला निघून गेलेला असायचा, आणि सासरा दत्तोबा बाजेवर उठून बसून खोकत असायचा.

दत्तोबाची पंच्याहत्तरी उलटली होती. एके काळी दीडशे मेंढरं घेऊन तो कोकणच्या तोंडापर्यंत जाऊन यायचा. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चरायच्या वाटा बंद झाल्या, तशी मेंढरं गेली आणि शेती सुरू झाली. मेंढरं बसायची ती माळाकडची जागा तेवढी तशीच राहिली. तिथं सात चंदनं उभी होती. कुणी लावलेली नव्हती. पाखरांनी बी टाकलं, लेंडीखतावर रोपं वर आली आणि म्हाताऱ्यानं त्यांना कधी कुऱ्हाड लागू दिली नाही, एवढंच.

पाव्हणारावळा आला की हमखास चंदनाचं पान चुरगळून हुंगायचा आणि तोंड वाकडं करायचा. सारजाला हसू यायचं. जित्या चंदनाला वास नसतो. वास असतो तो आत, गाभ्याला, आणि गाभा धरायला वीस-पंचवीस वर्षं जातात. वरची साल, पांढरं लाकूड, पान, फूल, सगळं बिनवासाचं.

म्हणूनच पंच्याण्णव सालच्या चैत्रात, एका सकाळी अंगण झाडता झाडता चंदनाचा दाट वास आला तेव्हा तिच्या हातातली केरसुणी थांबली.

ती माळाकडे गेली. सातही झाडं जागेवर होती. मात्र तिसऱ्या झाडाच्या बुंध्याला, घोट्याएवढ्या उंचीवर, करंगळी जाईल असं गोल भोक होतं. खाली पिवळसर भुशाची चिमूटभर ढिगली. ते काम सुताराच्या गिरमिटाचं, लाकडाला भोक पाडायच्या हत्याराचं आहे हे तिनं ओळखलं. चंदनचोर झाड तोडण्याआधी असंच टोचून बघतात, आत गाभा धरलाय का ते. माघात पिंपळीचा मानसिंग आला होता झाडं विकत मागायला. वनखात्याची परवानगी, कागदपत्रं सगळं मी बघतो म्हणाला होता. दत्तोबानं त्याला पाणी दिलं होतं आणि झाडं दिली नव्हती.

सारजानं शेणमातीनं भोक लिंपलं. एकच गोष्ट तिला खटकली. आदल्या संध्याकाळी फाट्याचं पाणी फुटून तिथं चिखल झाला होता. चिखलात तिची स्वतःची पावलं होती. दुसरी कुणाचीच नव्हती.

२

दुसऱ्या दिवशी भोक लिंबाला होतं.

लिंब कोण टोचून बघेल? तिनं सिद्धूला दाखवलं. तो म्हणाला, भुंगा असेल, काळा भुंगा लाकडाला असंच गोल भोक पाडतो, भुसाही तसाच सांडतो. हे खरंच होतं. सारजालाही ते पटलं, आणि पटलं म्हणून बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी गोठ्याचं छप्पर पेलणारी बाभळीची मेढ, चौथ्या दिवशी जू. पाचव्या दिवशी दाराची चौकट. तिनं छत्रीची तार घेतली आणि चौकटीच्या भोकात घातली. भुंग्याचं बीळ आत गेल्यावर वळतं, हे तिला ठाऊक होतं. तार सरळ गेली, वीतभर, आणि तळाला टेकली. मग तिनं ओसरीवर उभं राहून माळाकडे बघितलं. चंदन, लिंब, मेढ, जू, चौकट. प्रत्येकाला एकेकच भोक, आणि प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा घराच्या जवळ.

आवाज तिनं सहाव्या दिवशी ऐकला. कारखान्याचा बाराचा भोंगा वाजून गेला होता. ऊन असं, की कोंबड्यासुद्धा गोठ्यात शिरलेल्या. ती ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती आणि आत चुलीपाशी हळूच झालं, कुर्र. मग थांबलं. कुणी दम घ्यावा तसं. मग पुन्हा कुर्र. ती उठली तसा आवाज बंद झाला. आत कुणी नव्हतं. मांजर म्हणावं तर तेही नव्हतं.

संध्याकाळी भाकरीचं पीठ मळायला तिनं लाकडी काटवट घेतली, पाणी घातलं, आणि पाणी तिच्या मांडीवर गळालं. काटवटीच्या बुडाला आरपार गोल भोक होतं.

ती काटवट तिच्या आईनं लग्नात दिली होती. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही असेल, पण तिच्या आधी तिला राग आला. माझ्या चुलीपर्यंत येतोस? ती मनात म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. मग मानसिंगचं नाव आठवलं आणि रागाला धरायला एक माणूस सापडला.

३

सकाळच्या बारामतीच्या गाडीनं ती पिंपळीला उतरली, काटवट पिशवीत घालून. मानसिंगचं घर विचारल्यावर लोकांनी हातानं दाखवलं, बरोबर कुणी आलं नाही.

घराचं दार पत्र्याचं होतं, तारेनं बांधलेलं. चौकट उखडून काढली होती आणि तिथं नुसत्या विटांचे दात दिसत होते. आवारात एक झाड नव्हतं. मानसिंगची बायको रंगूबाई चुलीपाशी होती, तिच्या हातात स्टीलचं उलथणं, पाट नाही, काटवट नाही, रवी नाही. सारजाला आधी वाटलं, विकून खाल्लं की काय. मग कोपऱ्यात राखेचा ढीग दिसला. यांनी घरातलं सगळं लाकूड जाळलं होतं.

मानसिंग लोखंडी खाटेवर बसला होता. सारजानं काटवट त्याच्यापुढं टाकली आणि विचारलं, "ही काय रीत हाय का तुमची? झाडं दिली न्हाईत म्हणून घरात शिरायचं?"

त्यानं काटवट उचलली. भोकात बोट घातलं नाही. नुसतं बघितलं आणि ठेवून दिली.

"बाराच्या भोंग्यानंतर आवाज येतो नव्हं?" तो म्हणाला.

सारजाचा राग तिथंच लटकला.

मग त्यानं सांगितलं ते असं. वीस वर्षं तो झाडं टोचत हिंडला होता. फाल्गुनात एक दिवस स्वतःच्याच दाराला भोक दिसलं. तो हसला. मग नांगराला दिसलं, पाटाला दिसलं, बाजेला दिसलं. लाकूड संपवलं म्हणजे संपेल म्हणून त्यानं सगळं जाळलं. दुसऱ्याच दुपारी तो पडला होता आणि नडगीवर काहीतरी टेकलं. त्यानं विजारीचा पाय वर केला. नडगीवर गोल वण होता, चार आण्याच्या नाण्याएवढा, कोरडा.

"टोचलं, बघितलं आन् गेलं," तो म्हणाला. "माझ्यात काय गावलं न्हाय त्येला."

हे त्यानं नापास झालेल्या पोरासारखं खाली बघून सांगितलं.

पुढचं रंगूबाई बोलली. नवऱ्यानंतर सासूच्या पायाला भोक पडलं, आणि त्याच दिवशी सासूच्या अंगाला चंदनाचा वास सुटला. लोकांनी पुण्यवान म्हणून पाया पडून घेतलं. तिला माळशिरसला लेकीकडं नेलं, तर बाराला तिथंही ते आलं, म्हणून परत घरी आणलं. "तिसऱ्या दुपारी गेल्या आत्याबाई. दिसायला होत्या तशाच होत्या. पण तिरडी दोघांनीच उचलली, सारजाबाई. चौघं लागलेच न्हाईत."

"तवा तुमी कुठं होता?" सारजानं मानसिंगला विचारलं.

"ह्याच खोलीत."

"मग बघितलं आसंल की."

"डोळं मिटून पडलो हुतो मी," मानसिंग म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तुमच्या घरात जुनं माणूस हाय का कुणी? गाभा जुन्यातच असतो."

४

परतीची गाडी मिळेपर्यंत एक वाजला. वस्तीवर पोचली तेव्हा ओसरीवर पाऊल टाकण्याआधीच तिला वास आला.

दत्तोबा बाजेवर उताणा पडून विडी ओढत होता. उजव्या टाचेला भोक होतं. रक्त नाही, सूज नाही. कडा अशा साफ, की सुताराला दाखवाव्या. खाली घोंगड्यावर पिवळसर भुकटी सांडली होती, तेलकट. ती तिनं बोटानं उचलली आणि हुंगली नाही, झटकून टाकली.

"दुखतंय का, आबा?"

"दुखत न्हाय. मुंग्या आल्यागत झालं आन् थांबलं. पाय जरा हलका वाटतोय."

तिनं पाय उचलून बघितला. ज्वारीचं वाळलेलं सरमाड उचलावं तसा तो वर आला.

संध्याकाळी तिनं सिद्धूला पिंपळीचं सगळं सांगितलं. त्याचं मन ते घेईना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो बापाला आणि सारजाला घेऊन डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या आजारात टाचेला अशी जखम होते आणि माणसाला कळत नाही. रक्त तपासायला घेतलं, पट्टी बांधली. बांधता बांधता त्यांनी विचारलं, चंदन उगाळून लावलंय का, लावू नका. सिद्धूनं डॉक्टरांचं म्हणणं घट्ट धरलं. सारजानंही धरून बघितलं. पण दुपारी दवाखान्याच्या बाकावर, माणसांच्या गर्दीत, बारा वाजून पाच मिनिटांनी दत्तोबा एकदम सावरून बसला होता आणि घरी येऊन पट्टी सोडली तेव्हा भोक घोट्यापर्यंत खोल गेलं होतं, हे तिनं पाहिलं. छत्रीची तार तिनं या वेळी घातली नाही.

वास फाट्यापलीकडे गेला. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया आल्या, नारळ घेऊन. पुण्याई असल्याशिवाय अंगाला असा वास सुटत नाही म्हणाल्या आणि बाजेच्या पायथ्याशी वाकल्या. दत्तोबानं पाय ओढून घेतला. त्याला हे आवडत नव्हतं, पण दमही उरला नव्हता.

"म्हातारा जिता हाय," सारजा म्हणाली. "देव झाला न्हाय अजून. जावा घरी."

बाया रागावून गेल्या. एक नारळ राहिला होता, तोही तिनं मागून नेऊन दिला.

५

तिसऱ्या दिवशी सिद्धू म्हणाला, मी घरी थांबतो. ती नको म्हणाली नाही. अकरा वाजता तिनं दत्तोबाची बाज खोलीतून बाहेर काढली. तिनं त्याला जमिनीवर घोंगड्यावर निजवलं, भिंतीला पाठ लावून स्वतः बसली आणि त्याची टाच मांडीवर घेतली. दार सताड उघडं ठेवलं. मानसिंगनं डोळे मिटले होते. आपण मिटायचे नाहीत, एवढंच तिनं ठरवलं होतं.

सिद्धू दारात कुऱ्हाड घेऊन बसला. भोंगा वाजला. शेवटचा सूर विरला आणि सारजानं बघितलं तर सिद्धूची मान छातीवर पडली होती. तिनं हाक मारली. तो उठला नाही. श्वास चालू होता, तोंड किंचित उघडं.

वैशाख जवळ आला होता. बाराच्या उन्हात माणसाची सावली पायाखाली असते. सिद्धूची तशीच होती, त्याच्या बुडाशी गोळा झालेली. पण उंबऱ्यातून आणखी एक सावली आत आली होती, हातभर लांब, आणि तिच्या वर कुणी नव्हतं. उकिडवं बसलेल्या माणसाची सावली. डोकं खाली घातलेलं, एक कोपर बाहेर काढलेलं. ती जमिनीवरून सरकत आली नाही. सारजाची पापणी लवली की ती जवळ असायची, एवढंच. म्हणून तिनं पापणीही लवू द्यायची नाही असं केलं. डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्यातून सगळं हलायला लागलं.

कोपर फिरायला लागलं. कुर्र.

दत्तोबाच्या टाचेतून वास असा उसळला की तिला गुदमरल्यासारखं झालं. मांडीवरचा पाय हलका झाला, आणखी हलका झाला. आता मांडीवर नुसतं लुगडं आहे की पाय, हे न बघता सांगता आलं नसतं.

"सारजे, सोड," दत्तोबा म्हणाला. त्याचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "पिकलं झाड हाय मी. कधी ना कधी पडायचंच."

"झाड न्हाय तुमी, आबा. गप पडा."

आणि तिनं डावा तळहात त्या भोकावर दाबला.

आवाज थांबला. काहीतरी गार तिच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकलं, चाचपून बघितल्यासारखं. मग ते फिरायला लागलं. तिला आपला आवाज ऐकू आला, पण तो ओरडण्याचा नव्हता. ती बोलत होती. तिनं काय काय म्हटलं ते पुढं तिला नीट सांगता यायचं नाही. एवढं आठवायचं, की ती शिव्या देत होती, माळावर लांडग्याला देतात तशा. "टोच. माझ्यात बघ," ती म्हणत होती. "पर हा हात काढणार न्हाय मी. ह्या माणसाच्या आत जे हाय ते आमचं हाय. तुला त्यातलं एक कुसळ देणार न्हाय. टोच."

ते टोचत गेलं. हाड लागलं तेव्हा कुर्रऐवजी वेगळाच आवाज झाला. बोटांमधून रक्त वाहायला लागलं, लाल आणि गरम, आणि लोखंडासारखा त्याचा वास आला, साधा, माणसाचा. चंदन मागं पडलं.

सावलीचं डोकं वर झालं.

सारजानं ते पाहिलं. चेहरा नव्हता, सावलीला कुठून असणार, पण डोकं एका अंगाला कललं, पुढं झालं आणि तिच्या हाताशी आलं. हुंगायला. एवढं जवळ, की तिच्या मनगटावरचे केस उभे राहून एका बाजूला वळले. कितीतरी वेळ ते तसंच राहिलं. ओळखीचं काहीतरी शोधावं आणि ते सापडू नये, तसं. सारजानं डोळे मिटले नाहीत.

मग तिच्या मांडीवर ओझं आलं. म्हाताऱ्या मेंढक्याच्या पायाचं, हाडाचं, मांसाचं ओझं. एवढं की तिची मांडी अवघडली. तिनं खाली बघितलं, आणि परत वर बघितलं तेव्हा उंबऱ्यात नुसतं ऊन होतं.

सिद्धू जागा झाला आणि तिचा हात बघून त्याच्या हातातली कुऱ्हाड पडली.

६

हात बरा व्हायला दोन महिने गेले. भोक भरलं, गोल वण राहिला आणि मधली दोन बोटं मिटेनाशी झाली. दवाखान्यात सिद्धूनं सांगितलं, गिरमिट लागलं. ते खोटं नव्हतं. दत्तोबाची टाच आठवड्यात भरून आली. तो लंगडायचा, पण हिंडायचा. रक्तात साखर निघाली होती, तेवढी गूळ खाणं सोडायची कटकट त्याला जड गेली.

सिद्धूचं मन वस्ती सोडायचं होतं. बारामतीत त्याचा आतेभाऊ होता, खोली मिळाली असती. सारजानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आपण का जायचं? पुन्हा तो विषय निघाला नाही. तिनं काटवट मात्र नवी आणली, लाकडाचीच, मुद्दाम इंदापूरच्या बाजारातून निवडून. मिटत नसलेल्या बोटांनी पीठ मळायची नवी तऱ्हा ती शिकली.

पुढच्या वर्षीच्या फाल्गुनात, सकाळी नऊच्या सुमारास एक वडापची, सीटभाड्यानं माणसं भरणारी जीप वस्तीपाशी थांबली. पस्तिशीची एक बाई उतरली, अनवाणी. भिगवणहून आली होती. सरुबाई नाव सांगितलं. नवरा धरणाच्या पाण्यात मासे धरायचा. ओसरीवर आली खरी, पण बसली नाही.

"पिंपळीच्या रंगूबाईनं तुमचं नाव सांगितलं," ती म्हणाली. "आमच्या घरात मासळीशिवाय कसला वास नसतो, बाई. परवापास्नं माझ्या आईच्या अंगाला..."

सारजा भाकरी खात होती. तिनं अर्धी भाकरी खाली ठेवली.

"किती दुपारी झाल्या?"

"दोन."

सारजानं हात धुतला, पदर खोचला. सिद्धूची त्या दिवशी सुट्टी होती. तो आडवा आला. म्हणाला, "तुझा एक हात गेलाय."

"दुसरा हाय की," ती म्हणाली.

ती पायऱ्या उतरली तेव्हा जीपच्या पुढच्या सीटवर दत्तोबा आधीच बसलेला होता. खांद्यावर घोंगडं, मांडीवर काठी आडवी. इतका लंगडत तो तिच्या आधी तिथं कसा पोचला ते कळलं नाही.

"तुमी कुठं, आबा?"

"मी बी येतो," म्हातारा समोर रस्त्याकडं बघत म्हणाला. "मी अजून हाय, हे बघू दे त्येला."

सारजा मागं सरुबाईशेजारी बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, बाराच्या आत भिगवण गाठायचं, मधे कुणाला घेऊ नका.